गावंडे मॅडमचं खारं पाणी

यवतमाळकडच्या आमच्या दारव्ह्याला समुद्र होता असं मी सांगतो तेव्हा दुकानावरचं गिऱ्हाईक माझ्याकडं असं पाहतं, की मेडिकलवाल्यानं आज स्वतःच्याच दुकानातलं काहीतरी घेतलं वाटते. पण होता, बापा. माझ्या घराच्या भिंतीला लागून गावंडे मॅडमचं घर होतं. त्यांच्या हॉलमध्ये, आधी टीव्ही असायचा त्या जागी, दिवाणाएवढ्या लांबीच्या काचेच्या टाकीत खारं पाणी भरलेलं होतं आणि त्यात समुद्रातले मासे होते. टीव्ही आतल्या खोलीत गेला. टीव्हीच्या मागोमाग गावंडे साहेबही गेले.

मॅडमनी आम्हाला शाळेत भूगोल शिकवला. उंची बेताची, पण आवाज असा की शेवटच्या बाकावरून उडी मारून ग्राउंडवर कबड्डी खेळणाऱ्यांनाही खारे वारे आणि मतलई वारे पाठ व्हायचे. वर्गात बोलायच्या एकदम पुस्तकातलं. राग आला की मात्र थेट माहेरची, महागावकडची बोली निघायची. "काहून रे पोट्ट्या, डोकं घरी ठेवून आला का?" त्यामुळं मॅडम शुद्ध बोलत आहेत तोवर आम्ही निर्धास्त. पहिला 'काहून' कानावर पडला की मान खाली.

त्यांच्या पेपरात ग्रेस नावाची गोष्ट नव्हती. स्वतःचा मुलगा अमोल, त्याला त्यांनी सहामाहीत नापास केलं आणि त्याच दिवशी घरी जाऊन त्याच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. दोन्ही मनापासून. चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय या बाईच्या घशाखाली घास उतरत नसे. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकाची एक ओळ भटजीनं गाळली, तर भर मांडवात हात वर करून यांनी त्याला थांबवलं होतं. नवरदेवाच्या हातातली माळ तशीच वर राहिली. आम्ही अक्षता मुठीत धरून उभे.

तर अशी बाई रिटायर झाली. आता ही दिवसभर कोणाला दुरुस्त करणार, याची सगळ्या कॉलनीला काळजी पडली होती. सगळ्यात जास्त गावंडे साहेबांना. पण देवानं सोय केली. मॅडम डोळे तपासायला नागपूरला गेल्या आणि बाजूच्या माशांच्या दुकानात शिरल्या. तिथं खाऱ्या पाण्याच्या टाकीत नारिंगी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे एका हलत्या फुलात लोळत होते. ते फूल म्हणजे झाड नाही, जनावरच, समुद्रफूल म्हणतात त्याला. मॅडमनी आयुष्यभर शिकवलेला समुद्र असा हाताच्या अंतरावर आला, तर त्या खिळून उभ्या राहिल्या. दुकानदारानं विचारलं, कुठून आलात? यवतमाळ जिल्हा म्हटल्यावर तो हसला.

"मॅडम, तुम्ही गोड्या पाण्याचे न्या. तुमच्या साइडला माणसाला प्यायला पाणी पुरत नाही, तिथं हे काय जगतील?"

"काहून नाही जगणार?" मॅडम म्हणाल्या.

संपलं. साहेब मला नंतर सांगायचे, "डोळे तपासाचे राहूनच गेले, सतीश. तो माणूस एक वाक्य कमी बोलला असता तर माहा टीव्ही जाग्यावर राह्यला असता." दारव्ह्यात समुद्राचा जीव जगवून दाखवायचा, यापुढं मॅडमना दुसरं काही सुचेना. तो दुकानदार हे विसरूनही गेला असेल. मॅडम विसरणाऱ्यातल्या नव्हत्या.

टाकी आली. समुद्री मिठाची बादली कुरियरनं आली. गाडीवाला आरओच्या पाण्याचे कॅन उतरवून उतरवून थकला. "लग्न आहे का?" त्यानं विचारलं. मग टाकीत भोकाभोकांचे दगड मांडले, पंप सुरू झाला, आणि पुढं महिनाभर काहीच नाही. पाणी आणि दगड. कॉलनीतली माणसं हौसेनं पाहायला यायची, चहा प्यायची, आणि हळूच विचारायची, "मॅडम, मासे?"

"येतील. पाणी पिकून राह्यलं."

आंबे पिकतात, केस पिकतात, पाणी कसं पिकतं बापा? मग मॅडम हातात पट्टी घेऊन समजावून सांगायच्या. मासा घाण करतो, त्या घाणीचं विष होतं. दगडाच्या भोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहायला येतात, ते हे विष खातात. "आधी झाडूवाले येऊ द्या, मग वस्ती बसवू." लोक मान हलवायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, मॅडमनं दगड पाळले. समोरच्या मालूताई तर एका सणाला येऊन काचेला हळदकुंकू लावून गेल्या. आतल्या दगडात त्यांना कोणता देव दिसला कोण जाणे. मॅडमनी तोंडानं 'असू द्या' म्हटलं आणि त्या फाटकाबाहेर पडताच फडकं घेतलं.

शेवटी मासे आले. नागपूरहून यवतमाळपर्यंत एसटीनं आणि पुढं काळीपिवळी जीपमध्ये, मॅडमच्या मांडीवर थर्माकोलच्या डब्यात. जीपवाल्यानं विचारलं म्हणे, "मॅडम, तळाचे का रश्श्याचे?" त्यानंतर तिठ्यापर्यंत जीपमध्ये भूगोलाचा तास झाला.

मासे आले तशी दर रविवारी पाण्याची परीक्षा सुरू झाली. त्यासाठी मॅडमना बिनसुईच्या सिरिंजा लागायच्या, त्या माझ्या दुकानातून जायच्या. इतक्या सिरिंजा नेताना पाहून एका गिऱ्हाइकानं मला कानात विचारलं, "मॅडमले काय मोठी बिमारी आहे का?" मी म्हटलं, हाव, मोठीच आहे. रविवारी सकाळी चष्मा नाकावर ओढून मॅडम काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायच्या, थेंब मोजून टाकायच्या, हलवायच्या, आणि आलेला रंग कार्डाशी लावून पाहायच्या. खारेपणा वेगळा, आंबटपणा वेगळा, विष वेगळं. मग निकाल. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा. "पाण्याले आज अठ्ठ्याऐंशी. नायट्रेटनं मार्क खाल्ले." साहेब आतून विचारायचे, "पहिल्या नंबरात पास झालं का मॅडम?" ते स्वतःच्या बायकोला मॅडमच म्हणायचे. नाहीतरी दुसरं काय म्हणणार होते?

घरात कायदे झाले. हॉलमध्ये उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही, सेंट मारून आलेल्या पाहुण्याला ओसरीवरच चहा. साहेबांचा देव्हारा मागच्या पडवीत गेला. उन्हाळ्यात तर विचारू नका. आमच्याकडं मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको, आणि टाकीतलं पाणी तापून चालत नाही. म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन पाण्यावर लावलेला. पाहुणा घाम पुसत त्याच्यासमोर सरकला की मॅडम नम्रपणे म्हणायच्या, "जरा इकडं बसता का? माशांची हवा अडून राह्यली."

अमोल पुण्याला नोकरीत होता. त्यानं एकदा दोघांना कोकणात खरा समुद्र दाखवायला नेलं. परत आल्यावर आम्ही उत्सुकतेनं विचारलं, कसा वाटला? मॅडमनी बाटलीत भरून त्याची परीक्षा घेतली होती म्हणे. "मोठा आहे," त्या म्हणाल्या, "पण गाळ फार. लक्ष देणारं कोणी दिसत नाही."

आता साहेबांबद्दल सांगायला पाहिजे. गावंडे साहेब तहसीलमधून रिटायर झालेले, सडपातळ, शांत. आयुष्यभर ऑफिसात वरचे साहेब आणि घरी मॅडम, त्यामुळं आवाज चढवायची वेळच आली नाही. त्यांचं एकच वेड होतं, तांब्याचं पाणी. आईची एक जुनी घागर होती. ती चिंचेनं घासून रोज संध्याकाळी भरायची आणि सकाळी उठल्याबरोबर त्यातलं लोटाभर प्यायचं. पित्त, गुडघे, केस गळणे, नोकरी न लागणे, सगळ्यावर त्यांचा तोच उतारा. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून ते माझ्याच गिऱ्हाइकांना सांगायचे, "गोळ्या कायले घेता? घरी घागर नाही का?" मॅडम त्या पाण्याला शिवायच्या नाहीत. "पैसा चोखल्यावानी लागते," म्हणायच्या. "अन् तुमच्या घागरीनं एवढं होत असतं तर दवाखाने कायले उघडले असते?" साहेब हसायचे आणि दुसरा लोटा भरायचे.

माशांशी साहेबांचं काही देणंघेणं नव्हतं, पण टाकीत एक झिंगा होता, लाल पाठीवर पांढरा पट्टा आणि लांब मिशा. त्याच्यावर त्यांचा जीव जडला. मॅडम बाजारात गेल्या की ते खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसायचे. एकदा मॅडम बाहेर असताना धापा टाकत माझ्याकडं आले. "सतीश, गेला रे." मी घाबरलो, कोण गेलं? जाऊन पाहतो तर झिंगा तळाला आडवा, पारदर्शक, निपचित. साहेबांनी त्याला चमच्यानं काढलं, तुळशीच्या कुंडीत पुरलं आणि मॅडमना कसं सांगावं याची रंगीत तालीम माझ्यासमोर केली. संध्याकाळी मॅडम आल्या, ऐकलं, आणि काचेकडं बोट दाखवलं. दगडाआडून झिंगा मिशा हलवत बाहेर येत होता. "सापासारखी कात टाकते तो. तुम्ही त्याचा सदरा पुरला." महिनाभर कॉलनीत साहेबांना लोक विचारत होते, तेरवी कधी?

मग मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. नागपूरला, आणि ते नेमकं उन्हाळ्यात. बाईला गुडघ्याची चिंता नव्हती, टाकीची होती. जायच्या आधी साहेबांची आणि माझी शिकवणी घेतली. रविवारची परीक्षा मी घ्यायची. माशांचं खाणं आणि रोजचं पाणी साहेबांकडं. "उन्हानं पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून वरून साधं पाणी टाकाचं. मीठ टाकलं तर खबरदार! अन् नळाचं नाही, शुद्ध पाणी पाहिजे. एकदम शुद्ध." अमोलनं रजा काढली होती, तो दवाखान्यात थांबला. गाडीत बसतानाही त्या खिडकीतून ओरडल्या, "शुद्ध!"

आणि साहेबांनी खरंच जीव ओतला. रोज सकाळी अंघोळ करून ते टाकीत पाणी टाकायचे, पूजेला बसल्यासारखे. फोनवरून मॅडमना टाकी दाखवायचे. पहिल्या रविवारी पाण्याला ब्याण्णव मिळाले, ते त्यांनी दवाखान्यात कळवलं, तेव्हा नर्सलाही पेढे मिळाले म्हणे.

पुढच्या आठवड्यात झिंगा आडवा पडला. साहेब या वेळी गडबडले नाहीत. कात आहे, म्हणाले, आपण शिकलो आता. वाट पाहत बसले. दगडाआडून कोणी बाहेर आलं नाही. मग काचेवरच्या गोगलगायी एकेक करून खाली पडल्या. समुद्रफूल आक्रसत गेलं, हवा गेलेल्या फुग्यासारखं. मी पुन्हा पुन्हा परीक्षा घेतली. खारेपणा बरोबर, विष नाही, सगळे मार्क जागच्या जागी. पाणी पास आणि आतले जीव मरत होते! मॅडम फोनवरून उलटतपासणी घ्यायच्या. उदबत्ती लावली? फिनाइल? हात धुतले होते? साहेब देवाची शपथ घेऊन नाही म्हणायचे, आणि ते खरं होतं. मी एकदा डबा घेऊन गेलो तर ताट तसंच पडलेलं. साहेब टाकीसमोर बसले होते, डोळे भरलेले.

"तिनं जिंदगीत एक गोष्ट माह्या भरवशावर टाकली, सतीश. आता ती आली की काय दाखवू?"

मी डबा ठेवून परत आलो.

मॅडम आल्या. वॉकर टेकत, पलंगाकडं न जाता सरळ टाकीकडं. नारिंगी जोडी त्या आक्रसलेल्या फुलावर घोटाळत होती. मॅडम काचेपाशी वाकून पाहत राहिल्या. अमोल बाहेर सामान उतरवत होता, मी त्यांची खुर्ची धरून उभा होतो. इतक्यात पाण्याची वेळ झाली म्हणून साहेब आतून आले. हातात घागर. घागरीच्या तोंडाला स्वच्छ पांढरं फडकं बांधलेलं. त्यांनी घागर कलती केली आणि थेंबही न उडवता टाकीत धार सोडली.

"अवो, थांबा. हे कायचं पाणी?"

"तुह्याच कॅनचं," साहेब म्हणाले. "फक्त रातभर घागरीत ठेवतो. तूच सांगतलं ना, एकदम शुद्ध पाहिजे म्हणून. घागर एकच, दोघायले पुरत नाही. मी आपलं माठातलं पितो. या मुक्या जीवायले पहिलं."

मला तेव्हा काही कळलं नाही. पण मॅडमना कळलं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. वॉकरवरची बोटं आवळली. तोंड उघडलं. मी मनातल्या मनात वही झाकली. भर मांडवात भटजीला थांबवणारी बाई ही, आता तर तिच्या घरातला समुद्र मेला होता. साहेब घागर छातीशी धरून उभे होते.

"उन्हानं झालं," मॅडम म्हणाल्या. "यंदा तापलंच किती. तुम्ही नसते तर हे दोघंही गेले असते."

साहेबांनी खांद्यावरच्या पंचानं डोळे पुसले. "खरं म्हणतं?"

"मी खोटं कायले बोलू? अन् ती घागर माह्या पलंगापाशी ठेवा. डॉक्टरनं मले तांब्याचं पाणी सांगतलं. गुडघ्यासाठी. रोज घागरभर पाहिजे. माशायले आता नुसतं कॅनचं टाका."

"नागपूरच्या डॉक्टरनं?" साहेबांचा चेहरा असा फुलला की मी दुसरीकडं पाहिलं. "मोठ्या डॉक्टरनं सांगतलं?"

"सगळ्यात मोठ्या."

साहेब घागर भरायला पळाले. मॅडमनी मला जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात, एकदम पुस्तकातल्या भाषेत सांगितलं. मीठ उडत नाही, तसं तांबंही उडत नाही. रोज थोडं थोडं साचत जातं. माणसाला चालतं, माशालाही थोडं चालून जातं, पण झिंगा, गोगलगाय, समुद्रफूल यांना ते विष. आपल्या परीक्षेच्या पेटीत तांबं ओळखणारे थेंबच नव्हते. "तांबं शोषून घेणारी पुडी मिळते, ती मागव. दर दोन दिवसांनी थोडं पाणी बदलू. आणि सतीश, हे कुठंही बोलायचं नाही."

"नाही मॅडम. बाहेर एक शब्द जाणार नाही."

"बाहेर गेला तर जाऊ दे. या घरात नाही गेला पाहिजे."

फूल वाचलं नाही. ते काढताना मॅडमनी साहेबांना भाजी आणायला पाठवलं आणि पदरानं डोळे पुसले, चांगले दोनदा. वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं. जोडी मात्र तगली. पुढच्या वर्षी नवं फूल आलं, नवा झिंगा आला. दारव्ह्यात समुद्र जगला, त्या दुकानदाराला सांगायला कोणी गेलं नाही ती गोष्ट वेगळी.

मॅडमचं मात्र काही सुटलं नाही. रोज सकाळी साहेब लोटा घेऊन पलंगापाशी उभे राहायचे आणि तळ दिसेपर्यंत हलायचे नाहीत. एरंडेल घेताना पोरं करतात तसं तोंड करून मॅडम ते प्यायच्या. मी एकदा म्हटलं, मॅडम, गुडघा बरा झाला, आता सोडा. तर म्हणाल्या, "तू तुझं दुकान पाह्य."

दोन वर्षांपूर्वी दोघं पुण्याला अमोलकडं कायमचे गेले. मी निरोप द्यायला गाडीपाशी उभा होतो. मागच्या सीटवर मॅडम, मांडीवर थर्माकोलचा डबा, त्यात जोडी. सामान इतकं झालं होतं की अमोल घागर इथंच ठेवू म्हणत होता, पण साहेबांनी ती पायांत धरली ती धरलीच. गाडी निघायच्या आधी त्यांनी ग्लास भरून मॅडमसमोर धरला. "लांबचा प्रवास आहे, गुडघा आखडंल. पी." मॅडमनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि सगळा ग्लास रिकामा केला.

साहेब खिडकीतून वाकून मला म्हणाले, "पाह्यलं का सतीश? किती हसत होती मले या पाण्यावरून. आता सोडते का?"

मॅडमनी पदरानं ओठ पुसले आणि ग्लास पुन्हा त्यांच्यापुढं केला.

"अजून अर्धा द्या," त्या म्हणाल्या.